घरं जिथून चढवली तो धक्का

मी एक जुना मालधक्का आहे. मालधक्का म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. त्यात तुमचा दोष नाही. रुळांच्या कडेला दगडाचा एक लांबलचक ओटा असतो. मालगाडीचा तळ जितका उंच, तितकाच तो उंच. माल आधी ओट्यावर येतो आणि ओट्यावरून सरळ गाडीत जातो, वर उचलावा लागत नाही. तो ओटा म्हणजे मी. आता माझ्या कडेला रूळ नाहीत, गाडी नाही आणि मालही नाही. माझ्या पाठीवर सरडे ऊन खात पडलेले असतात.

मित्रांनो, मी चिडलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको की दगड असून हा एवढा का तापतो. इथे अधूनमधून मोटारीतून माणसं येतात. माझ्यावर बसून जेवणाचे डबे उघडतात. समोरच्या मोकळ्या माळावरून हात फिरवतात आणि उसासा टाकून म्हणतात, "केवढं गाव होतं म्हणे इथे! काळाने गिळलं सगळं." काळाने! काळ काय हातात पाना घेऊन आला होता? काळाने इथला एक बोल्टसुद्धा सैल केला नाही. जे गेलं ते माझ्या पाठीवरून गेलं, दिवसाढवळ्या गेलं आणि रांगेने गेलं. मी पाहिलंय. तेव्हा खरकटं उचला आणि नीट ऐका.

इथे जमिनीखाली कोळसा होता. आधी खाण आली आणि कोळसा न्यायला पाठोपाठ रूळ आले. मग मला बांधलं. टेकडीचा काळा दगड फोडला, घासला, एकावर एक बसवला. ज्या जागेखाली कोळसा नाही, म्हणून पुढेमागे पोकळी होणार नाही, अशी जागा शोधून तिथे मला ठेवलं. बाकीच्या गावाखालून बोगदे जात होते. म्हणून गावात दगडाचं घर बांधायला मनाई होती. जड घर उभं केलं की जमीन बसायची आणि भिंत फाटायची. सगळं गाव मग लाकडाचं आणि पत्र्याचं झालं. फळ्यांच्या भिंती, वर पत्रा आणि सगळं नटबोल्टांवर जोडलेलं. स्टेशन तसंच, दवाखाना तसाच, शाळा तशीच. खाणीत उतरणाऱ्यांचे दिवे जिथे पुसून, तेल भरून मिळायचे ते दिवेघरही तसंच. दगडाचा काय तो मी एकटा. गावात मला 'थोरला' म्हणायचे.

अशा गावात घर हलवणं ही नेहमीची गोष्ट होती. खालची जमीन बसायला लागली की आधी दार अडकायचं. दार अडकलं की घरची बाई समजायची, चला, आता हलायला हवं. मग सुट्टीच्या दिवशी घरांच्या रांगेतली सगळी माणसं पाने आणि पहारी घेऊन जमायची. गंजलेल्या बोल्टांना रॉकेल पाजायचं, सकाळी घर उकलायचं, दुपारी भिंती चौघाचौघांनी उचलून पलीकडच्या टणक जागी न्यायच्या आणि दिवे लागायच्या आत घर पुन्हा उभं करायचं. प्रत्येक भिंतीवर पांढऱ्या रंगाची खूण असायची, म्हणजे कुणाची भिंत कुणाला लागायची नाही. ज्याचं घर त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. चहा पातळ निघाला तर त्या घराची खिडकी हमखास तिरकी बसायची. मग महिनाभर रांगेत हसू. दुसऱ्या गावांत घर मोडायचं म्हटलं की लोक डोळ्यांना पदर लावतात. इथे पाना शोधायचे.

हे लक्षात ठेवा, कारण याच सवयीने त्यांचा घात केला.

माझ्यावर एक मुकादम होता. माल चढवणाऱ्या टोळीचा म्होरक्या. आवाज असा की इंजिनाची शिट्टी लाजावी. त्याचा एक नियम होता: उतरवताना जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं. कोळशाला हा नियम लागत नाही, कोळसा कसाही ओता. पण खाणीची यंत्रं, पंप, लाकडी आडवे-उभे वासे चढवताना तो टोळीच्या डोक्यावर बसायचा. "उतरवणाऱ्याने आपल्याला शिव्या देता कामा नयेत," असं म्हणायचा. माणूस प्रामाणिक होता. ज्याच्यावर चिडावं असा तो नव्हता, म्हणून तर माझी चीड जास्त.

त्याचा थोरला भाऊ खाणीत पंपांवर फिटर होता. पाण्यात उभं राहून राहून त्याची छाती गेली आणि मग तोही गेला. कंपनीचा माणूस दुसऱ्याच आठवड्यात घर रिकामं करा म्हणून दारात उभा राहिला. फिटरची बायको त्याला म्हणाली, "घर कामगाराला मिळतं ना? मग मला काम द्या. आता मी होते कामगार." आणि ती दिवेघरात लागली. सगळं गाव तिला फिटरवहिनी म्हणायचं. तिच्याहून वयाने मोठी माणसंही वहिनीच म्हणायची. तिचं घर रांगेच्या टोकाला, माझ्या सगळ्यात जवळ. एकदा घर हलवताना तिने भिंतीची फळी स्वतः करवतीने कापली आणि खिडकी दुप्पट रुंद करून घेतली. मुकादम म्हणाला, "वहिनी, एवढी खिडकी स्टेशनमास्तरलाही नाही." ती म्हणाली, "स्टेशनमास्तर दिवसभर काजळी पुसत नाही, भाऊजी. मला घरी तरी उजेड हवा."

माझंही कौतुक झालं एकदा. कंपनीचे सगळ्यात मोठे साहेब आले. माझ्या पाठीवर सतरंजी घातली, कडेला चुना मारला. साहेबांनी काठीने मला दोनदा ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "उत्तम धक्का आहे." बस. त्यानंतर माझ्या कोपऱ्याचे दोन दगड निखळले ते निखळलेच. कौतुकाचं असंच असतं. ते केलं की दुरुस्ती करावी लागत नाही.

आणि एके दिवशी खाण बंद होणार अशी बातमी आली. कोळसा संपला म्हणाले. मित्रांनो, कोळसा संपला नव्हता. स्वस्तात निघणारा कोळसा संपला होता. पण एवढं सरळ बोलणं साहेब लोकांच्या जिभेला झेपत नाही.

सभा माझ्यावरच भरली. धाकटे साहेब मधोमध उभे राहिले आणि समोर अख्खं गाव. साहेब म्हणाले, "घरं कंपनीची होती, आजपासून ती तुमची. दूर नवी खाण निघते आहे. तिथे तुम्हाला जागा आहे, काम आहे. घरं उकला, वाघिणींत भरा. भाडं कंपनी देईल." वाघीण म्हणजे मालगाडीचा उघडा डबा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घर हलवायचं, तेही फुकट, आणि पोचवायला खुद्द मालगाडी! याहून सोपं काय?

तेवढ्यात फिटरवहिनीने हात वर केला.

"साहेब, तिकडे धक्का आहे का?"

"कसला धक्का?"

"हाच. तुम्ही उभे आहात तो. घरं चढवणार यावरून. तिकडे उतरवणार कशावर?"

कुणीतरी हसलं. मग सगळे हसले. दवाखान्याचा कंपाउंडर म्हणाला, "वहिनी आता रेल्वेलाही दिवे दाखवणार!" मुकादमही हसला. "अहो वहिनी, रूळ आहेत म्हणजे धक्का असणारच. रूळ काय हवेत जाऊन संपतात?"

"मी साहेबांना विचारतेय, भाऊजी. तुम्हाला नाही."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "सगळी सोय होईल," ते म्हणाले.

होईल. आहे म्हणाले नाहीत. पण ज्यांनी जन्मभर माझ्यावरून माल चढवला, त्यांना बिनधक्क्याचे रूळ असू शकतात ही कल्पनाच करता येईना. माशाला कोरडी विहीर कशी दिसावी? दुसऱ्या कुठल्याही गावच्या लोकांनी आधी चार माणसं पाठवून जागा पाहून घेतली असती. यांनी पाने काढले.

असं काम मी कधी पाहिलं नव्हतं. आधी शाळा उकलली. फळ्यावर शेवटचं गणित तसंच होतं, ते न पुसताच फळा चढवला. मग दवाखाना. मग स्टेशनची तिकीटखिडकी, तिच्यामागची भिंत, तिच्यावरचा पत्रा. रांगेमागून रांग. मुकादम घसा बसेपर्यंत ओरडत होता. पत्रे तळाशी, त्यावर भिंती, सगळ्यात वर पायाचे वासे, कारण तिकडे गेल्यावर आधी पाया लागणार. प्रत्येक दाराच्या बिजागऱ्या काढून त्या त्या दारालाच कापडात बांधल्या होत्या. उतरवणाऱ्याने शिवी देऊ नये म्हणून एवढा जीव काढला त्या माणसांनी. आणि उतरवणारा कोणी नव्हताच.

शेवटी एकच घर उभं राहिलं. वहिनीचं. मुकादम तिच्या दारात आला.

"वहिनी, अहो शेवटची वाघीण उभी आहे. पाना द्या."

"मी आधी जाऊन बघून येते. धक्का असला तर येऊन उकलते."

"तोवर रूळ उचलतील! मग घर काय डोक्यावर घेऊन येणार?"

"तुम्ही पाहिलंय ते ठिकाण?"

"पाहायला कशाला हवं? मी आजवर चढवलेलं कधी काही हरवलंय?"

"कोळसा चढवलात, भाऊजी. कोळशाची चौकशी करायला कोण परत येतंय?"

मुकादम उंबऱ्यावर बसला. रांगेत आता एकही घर नव्हतं, त्यामुळे त्याचा पडलेला आवाजही लांबवर गेला. "दादा गेल्यापासून तुम्हाला मी कधी वाऱ्यावर सोडलं? माझा शब्द आहे, वहिनी. तिकडे खिडकी मी स्वतः बसवून देईन."

वहिनीने पाना त्याच्या हातात ठेवला. "घ्या. तुमच्या शब्दावर देतेय. साहेबाच्या नाही."

तिचं घर गेलं. वाघिणी गेल्या. त्यांच्या मागोमाग ट्रकमधून माणसं गेली. आणि लगेच दुसरी टोळी आली. तिने माझ्या कडेचे रूळ उचलले, स्लीपर उचलले, खडीसुद्धा चाळून नेली. मी जागच्या जागी राहिलो. मला उचलणं परवडत नव्हतं, म्हणून. यालाही लोक 'काळाशी झुंज देत उभा' म्हणतात. डोंबल! मी जड होतो, एवढंच.

त्यानंतर माझ्यावर गवत आलं. जिथे रांगा होत्या तिथे जमीन खाली बसली आणि डबकी साचली. किती पावसाळे गेले, मी मोजले नाहीत. मोजून कुणाला सांगायचे होते?

मग एका दुपारी रस्त्यावरून एक बाई चालत आली. केस पांढरे, पाठीवर बोचकं. माझ्या निखळलेल्या कोपऱ्यावरून वर चढली आणि बसली. चढण्याच्या सवयीवरून मी ओळखलं. फिटरवहिनी. जरा वेळाने तिच्या मागून मुकादम आला. तो वर चढला नाही, खालीच उभा राहिला.

"सगळीकडे शोधलं तुम्हाला," तो म्हणाला. "न सांगता निघून आलात."

"इतकी वर्षं तुमच्याशी बोलले नाही. आताच कशाला सांगायचं?"

मित्रांनो, पुढचं मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. नव्या खाणीपाशी रूळ होते. धक्का नव्हता. नुसते रूळ, दोन्ही बाजूंना खोल उतार आणि पलीकडे चिखल. गाडीवाले म्हणाले, इथे उतरवायची सोय नाही आणि वाघिणी अडकवून ठेवायला आम्हाला वेळ नाही. त्यांनी घरं एका मोठ्या जंक्शनच्या यार्डात नेऊन उभी केली. साहेबांची बदली झाली होती. नवे साहेब म्हणाले, मी कुणाला काही बोललो नव्हतो. पावसात फळ्या फुगल्या. मग बेवारस माल म्हणून सगळं विकलं. शाळा विकली, दवाखाना विकला. माणसं भाड्याच्या खोल्यांत गेली, आणि साहेब हाताशी नव्हते म्हणून सगळ्यांनी मिळून मुकादमाला धरलं. तिकडे कुणी थाप मारली की लोक म्हणायचे, हा मुकादमाचा शब्द आहे.

"परवा माझी भिंत पाहिली," वहिनी म्हणाली.

मुकादमाने मान वर केली.

"यार्डामागे रखवालदाराचं खोपट आहे. त्याला लावलीय. खिडकीसकट. आणि उलटी! कडी खाली हवी ती वर गेलीय. मेल्याने चोरीचा माल घेतला तो घेतला, निदान सुलटी तरी बसवायची!"

"विकत घेतली असेल त्याने."

"असेल. म्हणून तर त्याला शिव्याही देता येईनात. तुम्हाला सांगते, भाऊजी, त्या सगळ्या वर्षांत मला एवढा संताप आला नव्हता. घर गेलं ते गेलं. पण माझी खिडकी उलटी!" तिने बोचकं सोडलं. "मी आता इथेच राहणार. खालची जमीन बसते, ही बसत नाही."

"उघड्यावर?"

"तुम्ही मला घर दिलंत तर घरात राहीन."

बोलणं लागलं. मुकादम वळला आणि रस्त्याने परत गेला. मला वाटलं, गेला कायमचा.

वहिनीने माझ्यावर ताडपत्री ताणली, तीन दगडांची चूल केली. बरेच दिवस गेले. आणि मग एक टेम्पो खड्डे चुकवत आला. मागे मुकादम उभा होता, हाताने एक भिंत सावरत. त्याने रखवालदाराचं खोपट स्वतःच्या हातांनी नव्या पत्र्याचं बांधून दिलं होतं आणि बदल्यात ती भिंत मागून आणली होती. टेम्पो उलटा घेऊन माझ्या कडेला लावला. त्याचा तळ माझ्याहून खाली राहिला. दोघांनी भिंत ढकलली, ओढली. ड्रायव्हरही लागला. ती माझ्यावर आली तेव्हा तिच्या खालच्या कडेला पांढरी खूण अजून दिसत होती.

घरं सगळी माझ्यावरून गेली होती. परत आलेली ही पहिली भिंत.

मुकादमाने ती उभी केली, टेकू दिला, ओळंबा लावला. खिडकी सुलटी. तो पुनःपुन्हा मागे जाऊन डोळा बारीक करून बघत होता. वहिनीने चहा केला आणि त्याला दिला. चांगला दाट.

मोटारीतल्या माणसांना ती भिंत फार आवडली. एक जण फोटो काढताना बायकोला म्हणाला, "काय सुंदर भग्नावशेष आहे बघ!" तोच खिडकी उघडली आणि वहिनीने डोकं बाहेर काढलं. "भग्नावशेष कुणाला म्हणतोस रे? माझं घर आहे. अजून तीन भिंती यायच्यात." त्याने फोन खिशात घातला आणि डबा न उघडताच गेला.

पण कुणीतरी तक्रार केली असणार. गेल्या आठवड्यात जीपमधून एक अधिकारी आला. त्याने बगलेतला नकाशा माझ्यावर पसरवला, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले.

"बाई, हे बांधकाम बेकायदेशीर आहे. पाडावं लागेल."

"बेकायदेशीर कसं? मी इथलीच आहे. त्या तिथे रांग होती, तिच्या टोकाला माझं घर. पलीकडे शाळा. स्टेशन इथे."

अधिकाऱ्याने नकाशावर बोट फिरवलं. "इथे काहीच नाही. मोकळी जमीन दाखवलीय. स्टेशन नाही, शाळा नाही. या नकाशाप्रमाणे इथे कधी एकही इमारत नव्हती."

"आणि ही भिंत?"

"तीही नाही."

"मग पाडायला काय आलात?"

जीपचा ड्रायव्हर हसला आणि लगेच खोकला. अधिकाऱ्याने नकाशाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मुकादम टेकूला पाठ लावून उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आधी भिंत नकाशात घ्या. मग पाडायचं बघू. आणि ती घ्याल तेव्हा शेजारची शाळाही घ्या."

अधिकारी नकाशाची गुंडाळी करून गेला. पुढच्या वेळी माणसं घेऊन येईन म्हणाला. येईलही. मी खोटी आशा दाखवणार नाही. मुकादम दुसऱ्या भिंतीच्या शोधात गेलाय, आणि वहिनी पाना उशाशी घेऊन बसली आहे. आधी कोण पोचतं ते बघायचं.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. एखादं गाव, एखादी इमारत दिसेनाशी झाली तर काळाला दोष देऊन मोकळे होऊ नका. काळ बिचारा गरीब आहे, त्याच्यावर काहीही खपतं. कुणी उकललं, कुणी नेलं, कुणी 'सोय होईल' म्हटलं, ते विचारा. ज्याला तोंड आहे त्याने विचारायचं असतं. मला नाही, म्हणून माझा हा जळफळाट. आणि तुमच्या गावातलं एखादं गोदाम, गॅरेज, टपरी जरा निरखून पाहा. तिच्या जुन्या फळीवर पांढऱ्या रंगाची पुसट खूण असेल, तर मालकाशी भांडू नका, तो बहुधा निर्दोषच असेल. फक्त सांगा की ही फळी कुणाच्या तरी घराची आहे, ते घर अजून पुरं व्हायचंय, आणि माल उतरवून घ्यायला धक्का तयार आहे.

निखळलेले दोन दगडही मुकादमाने परवाच बसवलेत.